एकाच अंड्याच्या दोन वाटा

भुदरगड तालुक्यातलं पाटगाव कोल्हापूर जिल्ह्यात दोन गोष्टींसाठी पूर्वीपासून ओळखलं जातं: मौनी महाराजांची समाधी आणि वेदगंगेवरचं धरण. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरी भर पडली. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून मान मिळाला आणि त्यापाठोपाठ पाटगावचीही निवड झाली. सह्याद्रीच्या उतरणीवरचं जंगल, जांभूळ आणि कारवीचा फुलोरा आणि त्या फुलोऱ्यावर पोसलेल्या सातेरी माशा हे इथलं भांडवल. जनुकं कशी चालू-बंद होतात, हे आजच्या जीवशास्त्रातलं सर्वांत गाजणारं प्रकरण समजून घ्यायला मला पाटगावच्या मधपेटीइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही.

मधपाळ पेटीचं झाकण काढतो, एक चौकट हलकेच वर उचलतो आणि उजेडाकडे धरतो. पोळ्याच्या दोन्ही अंगांना षटकोनी घरं असतात. काहींत मध, काहींत परागांचे पिवळे-तांबूस थर, आणि मधल्या भागात पिलावा. काही घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक अंडी उभी चिकटलेली दिसतात, काहींत दुधाळ चिकात वेटोळं करून पडलेल्या अळ्या असतात. फुटीचा हंगाम असेल तर पोळ्याच्या खालच्या कडेला बोटाच्या पेराएवढं, तोंड खाली करून लोंबणारं एखादं घर आढळतं. ते राणीघर. त्यातली अळी आणि शेजारच्या षटकोनी घरातली अळी या एकाच आईच्या मुली असतात. जन्मतः त्यांच्यात असा कोणताही फरक नसतो, की ज्यामुळे एकीनं राणी व्हावं आणि दुसरीनं कामकरी. अंडी अदलाबदल करून ठेवली तरी राणीघरात राणीच घडते आणि कामकरी घरात कामकरीच.

फरक पडतो तो जेवणात. अंडं तीन दिवसांनी उबतं. त्यानंतरचे सुमारे तीन दिवस सगळ्याच अळ्यांना तरुण दाई माशा आपल्या डोक्यातल्या ग्रंथींतून स्रवणारा पांढरा, आंबूस चीक भरवतात. पुढे कामकरी अळीच्या खुराकात मध आणि पराग येतात. राणीच्या अळीला मात्र शेवटपर्यंत तोच चीक, तोही भरपूर, मिळत राहतो. मधपाळ त्याला राजान्न म्हणतात. या एवढ्या फरकातून दोन निराळ्या काया तयार होतात. राणी आकारानं मोठी, तिची अंडाशयं भरलेली, आणि हंगामात ती दिवसाला शेकडो अंडी घालते. कामकरीची अंडाशयं खुरटलेली, पण तिच्या मागच्या पायांवर पराग वाहून आणायच्या टोपल्या असतात, ज्या राणीला नसतात. राणी दोन-तीन वर्षं जगते. ऐन हंगामात राबणारी कामकरी काही आठवड्यांत संपते.

यातली एक बाब पुढच्या सगळ्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. राणी अचानक मेली, तर कामकरी माशा हातपाय गाळून बसत नाहीत. त्या साध्या घरातल्या एखाद्या अळीची निवड करतात, तिचं घर वाढवून राणीघर करतात आणि तिला राजान्नावर ठेवतात. पण त्यासाठी ती अळी कोवळीच हवी. तीन दिवसांपलीकडची अळी घेतली, तर तिला कितीही राजान्न भरवलं तरी पुरी राणी होत नाही. अर्धवट अंडाशयांची, मधल्याच घडणीची माशी निपजते. म्हणून मुद्दाम राण्या तयार करणारे मधपाळ एका दिवसाहून लहान अळी उचलतात. अन्नाइतकीच अन्नाची वेळ महत्त्वाची, हे त्यांना अनुभवानं पक्कं ठाऊक असतं. विज्ञानाला त्यामागचं कारण हाती लागायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

डीएनए तोच असताना शरीर दुसरं कसं घडतं? याचं उत्तर शेतकऱ्याच्या घरात लवकर पटेल, कारण सातबारा त्याच्या ओळखीचा असतो. जमीन तीच, क्षेत्र तेच, गट क्रमांक तोच; पण ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजाची नोंद पडली की त्या जमिनीचा व्यवहार थांबतो. बोजा उतरला की व्यवहार मोकळा. नोंदीनं जमिनीच्या मातीचा कणही बदललेला नसतो, बदलतं ते तिचं काय करता येईल एवढंच. पेशीतही डीएनएच्या मूळ मजकुराला हात न लावता त्याच्यावर अशा नोंदी होतात. या नोंदींचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

नोंदी मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली मिथिलेशनची: डीएनएच्या साखळीतल्या सायटोसिन या घटकावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा मिथाइल गट चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले, की माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत ते जनुक बहुधा गप्प बसतं. दुसरी हिस्टोनवरची. आपल्या प्रत्येक पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो केंद्रकात मावतो, कारण हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती तो गुंडाळलेला असतो. या हिस्टोनना असिटिल गट जोडले की गुंडाळी सैल पडते आणि तिथली जनुकं वाचता येतात. ते काढून घेतले की गुंडाळी आवळते. तिसरी यंत्रणा छोट्या आरएनएंची. जनुक वाचलं जातं, त्याचा संदेशही तयार होतो, पण मायक्रो-आरएनए नावाचे तुकडे तो संदेश वाटेतच अडवतात. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांनी १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत ही यंत्रणा दाखवून दिली. तेव्हा अनेकांना ती त्या कृमीपुरतीच वाटली. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं.

आता पुन्हा मधमाशीकडे. पुढे येणारे सगळे प्रयोग युरोपीय माशीवर, म्हणजे मेलिफेरावर झालेत. आपली सातेरी तिची सख्खी नातलग आणि राणी घडवायची तिची रीतही तीच. २००८ मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या रिशार्ड मालेश्का यांच्या गटानं एक धाडसी प्रयोग केला. मिथाइल गट चिकटवणाऱ्या ‘डीएनएमटी-३’ या विकराचं जनुक त्यांनी कोवळ्या अळ्यांमध्ये आरएनएच्या साहाय्यानं गप्प केलं. अळ्यांचं जेवण बदललं नव्हतं. तरीही त्यांतल्या ७२ टक्के माशा भरल्या अंडाशयांच्या राण्या होऊन बाहेर पडल्या. जे काम राजान्न करतं, ते मिथिलेशनची नोंद रोखून साधलं होतं. दोन वर्षांनी याच गटासह झालेल्या अभ्यासात राणी आणि कामकरी यांच्या मेंदूतल्या साडेपाचशेहून अधिक जनुकांवरच्या नोंदी वेगळ्या आढळल्या.

इथे गोष्ट संपली असती तर फार सोपं झालं असतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू फाइनबर्ग आणि ग्रो आमदम यांच्या गटांनी नव्यानं बाहेर पडलेल्या राण्या आणि कामकऱ्या यांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांना दोघींत ठाम फरक सापडला नाही. फरक सापडला तो पेटीतल्या दाई माशा आणि बाहेर हिंडणाऱ्या चाकर माशा यांच्यात. त्यांनी युक्तीनं चाकर माशांना परत दाईच्या कामाला लावलं, तेव्हा बदललेल्या बऱ्याच नोंदी पूर्ववत झाल्या. मला हा निष्कर्ष आधीच्या निष्कर्षाहून मोलाचा वाटतो. नोंद पुसता येते, आणि वागणूक बदलली तर जनुकांवरची नोंदही बदलू शकते, हे त्यात प्रत्यक्ष दिसलं. मधमाशीत मिथिलेशन मुळातच तुटपुंजं आहे, एकूण सायटोसिनच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकता येणार नाही, असं म्हणणारे संशोधक आज बरेच आहेत.

त्यांचं म्हणणं खरं ठरावं असे पुरावेही पुढे आले. राजान्नातलं एक मेदाम्ल हिस्टोनवरचे असिटिल गट काढणाऱ्या विकराला आवर घालतं, हे २०११ मध्ये दिसलं. २०१८ मध्ये अळ्यांचे हिस्टोन थेट तपासले गेले. अवघ्या चार दिवसांच्या अळीतच राणीची आणि कामकरीची नोंद वेगळी झालेली होती, आणि खास अशी बरीच चिन्हं कामकरीच्या बाजूला होती. त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या मे बेरेनबॉम यांच्या गटानं प्रश्नच उलटा केला होता. राणीला काय मिळतं हे सगळे शोधत होते. त्यांनी विचारलं, राणीला काय मिळत नाही? मध आणि परागात पी-कौमेरिक आम्ल नावाचं वनस्पतीजन्य रसायन असतं, राजान्नात ते नसतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अळ्यांच्या खाण्यात ते मिसळलं, तेव्हा त्यांची अंडाशयं खुरटली. आणि २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की परागातले वनस्पतींचे मायक्रो-आरएनए अळीची वाढ मंदावतात. म्हणजे जांभळाच्या किंवा कारवीच्या फुलातून माशी जे आणते, त्यात नुसती साखर आणि प्रथिनं नसतात. अळीच्या जनुकांपर्यंत पोचणारे संदेशही असतात. राणी घडते ती काय खायला मिळालं यावर आणि कशापासून तिला दूर ठेवलं गेलं यावरही.

माशीवरून माणसावर उडी मारायची घाई करू नये. माणसाच्या मुलांत राणी-कामकरी अशा दोन जाती नाहीत, आणि एखाद्या पदार्थानं मूल बुद्धिमान किंवा बलवान घडवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहावं. पण एक धागा दोघांत समान आहे, आणि तो रसायनशास्त्राचा आहे. डीएनएवर चिकटणारा मिथाइल गट शरीराला अन्नातून मिळवावा लागतो. हिरव्या पालेभाज्यांतलं फोलेट आणि दूध, अंडी, मासे, मटणातलं ब-१२ ही जीवनसत्त्वं मिळून मिथायोनिन हे अमिनो आम्ल पुन्हा पुन्हा तयार करतात, आणि त्यापासून मिथाइल गट वाटणारा रेणू बनतो. ब-१२ कमी पडलं, तर फोलेट असूनही ते चक्र अडखळतं आणि होमोसिस्टीन नावाचं रसायन रक्तात साचतं. ब-१२ वनस्पतींत नसतं. ज्या समाजात मोठा वर्ग शाकाहारी आहे, आणि जो शाकाहारी नाही त्याच्याही घरात मांसाहार रोजचा नाही, तिथे या एका जीवनसत्त्वाला किती महत्त्व येत असेल?

हा प्रश्न जगात सर्वांत चिकाटीनं विचारला गेला तो महाराष्ट्रात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऐंशीच्या दशकापासून मधुमेहाचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडे येणारे रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णन केलेल्या रुग्णांसारखे नव्हते. वय कमी, वजनही फार नाही, तरी साखर वाढलेली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर असं मांडत होते, की मोठेपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची मुळं आईच्या पोटातल्या वाढीत असतात. दोघांचे धागे जुळले. साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या साथीनं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास उभा राहिला: गर्भारपणाच्या आधीपासून बायकांची नोंद ठेवायची, मग गर्भाची, मग जन्मलेल्या मुलाची, आणि त्या मुलाला मोठं होताना सोडायचं नाही. त्या गावांतल्या बायका शेतात राबणाऱ्या, बारीक, बुटक्या; त्यांची मुलं आज तिशीत आहेत आणि अभ्यास अजून चालू आहे.

२००३ मध्ये याज्ञिकांनी या गावांतल्या नवजात बालकांची तुलना साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली. पुण्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५ किलो. आपलं बाळ सगळ्याच बाजूंनी लहान होतं: डोकं, लांबी, दंड, पोट. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा तिथली चरबी जवळजवळ तिकडच्या बाळाइतकीच निघाली. स्नायू कमी, चरबी टिकवलेली. अंगानं काटकुळं आणि आतून चरबीदार असं हे बाळ जगाच्या वैद्यकात ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आलं. त्यात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबून आपल्या लोकांचा धोका मोजता येत नाही, हे त्या एका छायाचित्रानं हजार शब्दांपेक्षा नीट सांगितलं.

आता आहाराकडे. या गावांतल्या मातांनी किती कॅलरी, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो पालेभाजी, फळं आणि दूध कितीदा पोटात गेलं याच्याशी. रक्त तपासल्यावर दिसलं, की दोन-तृतीयांश मातांत ब-१२ कमी होतं. फोलेट मात्र कमी नव्हतं. तपासलेल्यांत एकच बाई त्यात उणी निघाली. मुलं सहा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची इन्सुलिन तपासणी झाली, आणि २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्या मातांचं ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. दोन्ही जीवनसत्त्वं चांगली. पण एकाची उणीव आणि दुसऱ्याची भर हे जोडीनं आलं की तोल बिघडतो. या निष्कर्षावर मी पुन्हा येणार आहे, कारण तो सरकारी गोळ्यांच्या पाकिटापर्यंत जातो.

सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे या संशोधकांनाही माहीत होतं. आईचं अन्न आणि मुलाचं इन्सुलिन यांच्यामध्ये खरोखरच जनुकांवरची नोंद आहे का? याचा सर्वांत लख्ख पुरावा मेंढ्यांनी दिला. २००७ मध्ये नॉटिंगहॅमच्या केव्हिन सिंक्लेअर यांच्या गटानं काही मेंढ्यांच्या खुराकातलं ब-१२, फोलेट आणि मिथायोनिन गर्भधारणेच्या आगेमागे कमी केलं. मग अवघ्या सहा दिवसांचे भ्रूण काढून चांगल्या खुराकावरच्या दुसऱ्या मेंढ्यांच्या पोटात ठेवले. पुढचं सगळं गर्भारपण आणि बालपण ठाकठीक गेलं. तरीही ती कोकरं मोठेपणी जास्त चरबीची निघाली. विशेषतः नरांत इन्सुलिनचा प्रतिसाद बिघडला, रक्तदाब चढला, आणि त्यांच्या डीएनएवरच्या मिथाइल नोंदीही बदललेल्या सापडल्या. सहा दिवस! बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्या आधीचा हा काळ आहे.

माणसात असा प्रयोग करता येत नाही, पण इतिहासानं एक करून ठेवला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भ राहिलेल्यांची साठ वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा वाढीशी संबंधित ‘आयजीएफ-२’ या जनुकावर त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा मिथाइल नोंदी कमी होत्या. फरक सुमारे पाच टक्क्यांचा, म्हणजे फार मोठा नव्हे. पण उपासमार गर्भारपणाच्या शेवटी वाट्याला आलेल्यांत तो नव्हता. पुन्हा वेळ. तीन दिवसांच्या आतली अळी आणि सहा दिवसांचा भ्रूण, दोघांची गोष्ट एकाच दिशेनं जाते.

आपल्याकडेही नोंदी आता थेट वाचल्या जात आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या गिरीराज चांडक यांच्या गटानं याज्ञिकांच्या सोबतीनं दाखवलं, की मुलांना वर्षभर ब-१२ दिल्यावर मधुमेहाशी निगडित जनुकांवरचं मिथिलेशन बदलतं. २०२३ मध्ये त्याच गटानं भारतीय मुलांत ‘एसओसीएस-३’ या जनुकावरच्या मिथाइल नोंदींचा मुलांच्या उंचीशी संबंध असल्याचं प्रसिद्ध केलं, आणि तो गांबियातल्या मुलांतही पडताळला गेला. पुण्यातच आयसरमध्ये संजीव गलांडे यांनी क्रोमॅटिनवर, म्हणजे गुंडाळलेल्या डीएनएच्या रचनेवर, जागतिक दर्जाचं काम उभं केलं. मराठी वाचकाला ही नावं क्रिकेटपटूंइतकी ठाऊक असायला हवीत.

एक अभ्यास मात्र बेतानं वाचावा. आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या उंदरांत इन्सुलिनचा प्रतिसाद बिघडलेला, ब-१२ कमी, होमोसिस्टीन वाढलेलं. पुढे दोन पिढ्या पोटभर अन्न देऊनही ते पूर्वपदावर आले नाहीत, आणि इन्सुलिनच्या जनुकाजवळच्या हिस्टोन नोंदी बदललेल्या राहिल्या. यावरून ‘आजोबांनी सोसलेला दुष्काळ नातवाच्या जनुकांत लिहिला जातो’ असं माणसांबद्दल ठोकून द्यायची सवय लागली आहे. माणसात अंडपेशी-शुक्रपेशी बनताना आणि पुन्हा गर्भाच्या पहिल्या दिवसांत बहुतेक मिथाइल नोंदी पुसल्या जातात. आईचं अन्न गर्भावर परिणाम करतं हे भक्कम आहे. पण नोंद पुसली न जाता माणसाच्या अनेक पिढ्यांतून उतरते, हे सिद्ध झालेलं नाही. गर्भसंस्काराच्या जाहिरातींत एपिजेनेटिक्सचं नाव वापरून जे विकलं जातं, त्याला तर या संशोधनाचा काडीचा आधार नाही.

मग करता येण्याजोगं काय आहे? मुंबईच्या वस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलाइन फॉल यांच्या नेतृत्वाखाली साडेसहा हजार बायकांवर एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला एक खाऊ त्यांतल्या एका गटाला रोज देण्यात आला, गर्भ राहण्याच्या आधीपासून. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान ९० दिवस आधी सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं वाढलं. त्याहून बोलका आकडा गर्भारपणातल्या मधुमेहाचा आहे: खाऊ घेणाऱ्यांत ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. औषध नाही, इंजेक्शन नाही. मेथी-पालकाच्या जातीची भाजी, फळ आणि दूध.

याज्ञिकांचा गट याहून मागे गेला. पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर, २०१२ मध्ये, त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ द्यायला सुरुवात झाली. काहींना नुसतं, काहींना इतर सूक्ष्म पोषकांसह, काहींना नुसती दिसायला तशीच गोळी. मुलींना ते पहिल्या बाळंतपणापर्यंत देण्यात आलं. म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून ज्यांची नोंद ठेवली गेली, त्या मुली आता स्वतः आया होत होत्या. बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पण दोन वर्षांच्या वयात ब-१२ घेतलेल्या मातांच्या मुलांची आकलन आणि भाषा यांतली प्रगती सरस आढळली.

आता ती गोळी. ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेत शाळेतल्या किशोरींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि गर्भवतीला रोज मिळणारी लाल गोळी, दोन्हींत लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. ती जरूर घ्यावी. फॉलिक आम्लानं बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मदोष टळतात, याबद्दल वाद नाही. पण त्या गोळीत ब-१२ नाही, आणि ज्या बायकांत फोलेट पुरेसं आणि ब-१२ उणं अशी स्थिती पुण्याजवळ दिसली, त्यांच्याच राज्यात ती वाटली जाते. दोन-अडीच मायक्रोग्रॅम ब-१२ त्यात घालायला खर्च अगदी नगण्य आहे. पुण्याच्या खेड्यांतल्या बायकांनी तीस वर्षं रक्त, वेळ आणि विश्वास देऊन हा पुरावा उभा केला. राज्याच्या आरोग्य खात्यानं त्याचा विचार करायला आता उशीर करू नये.

कोल्हापूरला तर याची सुरुवात स्वतःच्या घरातून करता येईल. दुधाच्या संकलनात हा जिल्हा राज्यात पुढे आहे, आणि पांढऱ्या-तांबड्या रश्श्याची ख्याती सांगायला नको. तरी गोठ्यातलं दूध डेअरीला जातं आणि घरातल्या मुलीच्या वाट्याला चहातलं दोन चमचे येतं, अशी घरं कमी नाहीत. एका मोठ्या कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम ब-१२ असतं. दिवसाची गरज दोन-अडीचची. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असेल तेव्हापासून तिच्या ताटात रोज पालेभाजी, दोन वेळा भांडंभर दूध किंवा दही-ताक, आणि चालत असेल तर अंडं, मासे, मटण वाढा. ते भावाच्या ताटात वाढता तेवढंच वाढा, आणि ती सासरी जाईपर्यंत थांबू नका.